वायरी आणि रेषा

यंत्र बंद पडलं, की जळगाव असो वा धुळे, आम्ही खान्देशी माणसं आधी वायर हलवून बघतो. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले 'आधार' क्रमांक वाटले गेले ते टेंभलीत. १९९८ पर्यंत हे गाव धुळे जिल्ह्यातच होतं. नोंदणीचा सरंजाम केवढा! लॅपटॉप, त्याला जोडलेला कॅमेरा, बोटांचा स्कॅनर, बुबुळांचं यंत्र, शिवाय आपलं नाव बरोबर पडलंय का ते बघायला दुसरा पडदा. जोडणी यंत्रांची, परीक्षा मात्र माणसाची! कापूस वेचून, निंदणी करून झिजलेल्या रेषा स्कॅनरला कधी कधी दिसतच नाहीत. म्हणून तर बुबुळंही घेतात. सैल वायर घट्ट करता येते हो. झिजलेली रेषा कुठल्या मेकॅनिककडे न्यायची? नजर अधू यंत्राची, अन् हात पुसायचे आपण!