सीमावाद म्हटलं की बेळगाव आठवतं, मग त्यात सोलापूरचं नाव कुठून आलं?

महाराष्ट्र-कर्नाटक सीमावाद म्हटलं की बेळगाव, निपाणी, खानापूर ही नावं पुढे येतात. पण या वादात सोलापूर जिल्ह्याचंही नाव आहे.

माढा तालुक्यातलं टेंभुर्णी हे पुणे-सोलापूर महामार्गावरचं गाव. इथला व्यवहार मराठीत चालतो. हाच रस्ता धरून सोलापूर गाठलं, की बाजारात मराठीच्या जोडीला कन्नड, तेलुगू आणि उर्दूही कानावर पडते. पुढे अक्कलकोट तालुक्यात तर घरात कन्नड आणि सरकारी कामाला मराठी, अशी अनेक कुटुंबं आहेत. एकाच जिल्ह्यातली ही सरमिसळ वादाच्या मुळाशी आहे.

वाद सुरू कसा झाला?

1 नोव्हेंबर 1956 रोजी भाषावार राज्यरचना झाली. तेव्हाच्या मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. या निर्णयाची चाहूल लागताच बेळगावात आंदोलन पेटलं होतं. 17 जानेवारी 1956 रोजी तिथे गोळीबार झाला. सीमाभागात आजही हा दिवस हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो आणि 1 नोव्हेंबर हा काळा दिन म्हणून.

महाजन आयोगाने काय सांगितलं?

सेनापती बापट यांच्या उपोषणानंतर केंद्राने 1966 मध्ये निवृत्त सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्यीय आयोग नेमला. सीमेचे प्रश्न महाजनांना नवे नव्हते. 1947 मध्ये ते पंजाबच्या सीमा आयोगाचे सदस्य होते. त्याच वर्षी काश्मीर संस्थान भारतात विलीन झालं, तेव्हा संस्थानचे पंतप्रधानही तेच होते.

1967 च्या अहवालात त्यांनी बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवलं. निपाणी, खानापूरसह 264 गावं महाराष्ट्राला, तर अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या भागासह 247 गावं म्हैसूरला द्यावीत, अशी शिफारस केली. सोलापूरचं नाव वादात येतं ते इथून. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकने तो मान्य केला. अंमलबजावणी मात्र झालीच नाही.

दोन्ही राज्यांचं म्हणणं काय?

महाराष्ट्राची मागणी आहे की खेडं हा घटक धरावा. भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकांची इच्छा पाहून सीमा ठरवावी. यानुसार 865 गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे. 2004 मध्ये राज्याने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. कर्नाटकच्या मते राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार घटनेच्या कलम 3 नुसार फक्त संसदेला आहे, त्यामुळे न्यायालयाने यात पडू नये.

2022 मध्ये काय झालं?

नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी आधी सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यावर आणि मग सोलापूर-अक्कलकोटवर दावा सांगितला. दोन्हीकडे एकमेकांच्या बसगाड्यांना काळं फासलं गेलं, एसटी फेऱ्या बंद पडल्या. हाल झाले ते रोज सीमा ओलांडणाऱ्या विद्यार्थ्यांचे, रुग्णांचे आणि व्यापाऱ्यांचे. 14 डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक घेतली. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणीही नवा दावा करायचा नाही, असं ठरलं.

गावकऱ्यांना काय हवंय?

जतच्या दुष्काळी गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, ती मुख्यतः पाण्यासाठी. अक्कलकोटच्या काही गावांतूनही सोयीसुविधांच्या तक्रारीवरून तशीच मागणी पुढे आली. म्हणजे कन्नड बोलणाऱ्या गावाचा राग प्रत्येक वेळी भाषेपायी असतो, असं नाही. बेळगावच्या मराठी माणसाचं दुखणं मात्र थेट भाषेचं आहे. सातबारा, नोटीस, दुकानाची पाटी, मुलांची शाळा या सगळ्यांत त्याला मराठी हवी आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असं घटनेचं कलम 350 (अ) प्रत्येक राज्याला सांगतं. ते जसं बेळगावच्या मराठी मुलांसाठी आहे, तसंच अक्कलकोटच्या कन्नड मुलांसाठीही.

भाषेची सीमा आखता येते का?

टेंभुर्णीजवळच्या उजनी धरणातून निघालेली भीमा पंढरपूरवरून पुढे जाते आणि काही अंतर दोन राज्यांची हद्द बनते. तिच्या काठी, दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या हत्तरसंग-कुडल इथे शके 940 म्हणजे इ.स. 1018 चा शिलालेख आहे. तो मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. जुन्या मराठीचा असाच एक लेख कर्नाटकात श्रवणबेळगोळला आहे. उलट, सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत आणि संक्रांतीच्या गड्डा यात्रेला सगळ्या भाषांचे सोलापूरकर जमतात.

न्यायालयाचा निकाल कोणत्याही बाजूने लागला, तरी सीमेच्या दोन्हीकडे दुसरी भाषा बोलणारी माणसं राहणारच. त्यांना त्यांच्या भाषेत शाळा आणि सरकारी कागद मिळतात की नाही, हा प्रश्न तेव्हाही उरेल. त्याचं उत्तर द्यायला निकालाची वाट पाहावी लागत नाही.