सूर्य मावळला तरी गिरणी चालूच

सप्टेंबर १८८४. परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या अर्जावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. रविवारची सुट्टी हवी, दुपारी अर्धा तास विश्रांती हवी, आणि काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच असावे. शेवटची मागणी आज नवलाची वाटते. दिवस कुठे संपवायचा हे घड्याळ नव्हे, सूर्य ठरवत होता.

मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ पासून गॅसचे दिवे होते. हा गॅस दगडी कोळशापासून काढलेला. आजच्या सिलिंडरमधला नव्हे. लालबागची ‘गॅस कंपनी लेन’ त्याच काळाची खूण. पण कापसाची तुसे उडणाऱ्या खात्यात उघडी ज्योत लावणे म्हणजे आगीशी खेळ. शिवाय तो उजेड महाग. त्यामुळे बहुतेक गिरण्या दिवस असेतोवरच चालत: हिवाळ्यात सुमारे ११ तास, उन्हाळ्यात १३.

विजेच्या दिव्याला ज्योत नव्हती. १९०५च्या सुमारास गिरण्यांत हे दिवे सर्रास लागले आणि कामाचा दिवस काही ठिकाणी १४-१५ तासांवर गेला. १८९१च्या कायद्याने स्त्रियांना ११ आणि मुलांना ७ तासांची मर्यादा होती. प्रौढ पुरुषांना मात्र कसलीच नाही. त्याच वर्षी संतप्त कामगारांनी गिरण्यांवर दगडफेक केली. वृत्तपत्रांनी विषय उचलला. लँकेशायरचे गिरणीमालकही कामगारांच्या बाजूने बोलू लागले. त्यांचा कळवळा स्पर्धेपोटी होता, हे उघड आहे. चौकशी समिती आली, मग आयोग आला, आणि १९११च्या कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांना प्रथमच १२ तासांची मर्यादा मिळाली.

विजेचा पुढचा टप्पा दिव्याचा नव्हता, यंत्राचा होता. ११ फेब्रुवारी १९१५ रोजी खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले. लोणावळ्याच्या तलावांत साठवलेले पावसाचे पाणी घाटाखाली कोसळवून तयार झालेली वीज तारांवरून मुंबईत आली, आणि पहिली ग्राहक ठरली सिम्प्लेक्स गिरणी. वाफेच्या इंजिनांची जागा मोटारी घेऊ लागल्या.

दहा तासांचा दिवस मुंबईच्या गिरणीमालकांनी मान्य केला तो १९२०च्या संपानंतर. तोवर लोखंडे यांना जाऊन २३ वर्षे झाली होती.