एकसरच्या शिळांवरील आरमार

बोरिवलीत पाहण्याजोगे काय, असे विचारले की कान्हेरी आणि राष्ट्रीय उद्यान ही दोनच नावे पुढे येतात. त्यांत पश्चिमेकडील एकसर गावातल्या वीरगळांची भर घालायला हवी, असे आम्हांस वाटते. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाशी रणसंग्राम, मध्ये वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा, माथ्याशी शिवपूजन. एकसरच्या काही शिळांवर मात्र रणभूमीच्या जागी समुद्र आहे आणि त्यावर वल्ह्यांच्या रांगा लावलेली जहाजे.

उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातील १२६५ च्या सुमारच्या युद्धाशी अभ्यासक या शिल्पांचा संबंध जोडतात. सोमेश्वर समुद्रात बुडाला. यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, त्याविषयी लिहितो ते जेत्याच्या बाजूने: महादेवाच्या कोपापेक्षा सोमेश्वराला वडवानल बरा वाटला, असे. त्या प्रशस्तीत राजे उरले. वल्ही मारणारे सामान्य सैनिक उरले ते या दगडांवर. उपनगरांना इतिहास नसतो असे मानणाऱ्यांनी, शिल्पे आणखी झिजण्यापूर्वी, एकदा एकसरला जाऊन यावे.