धाराशिवचा डोंगर : वस्तु कोणती, अलंकार कोणता ?

मुनि कनकामर या जैन कवीनें अकराव्या शतकाच्या सुमारास अपभ्रंश भाषेंत ‘करकंडचरिउ’ नांवाचें दहा संधींचें काव्य रचिलें. त्यांतील नायक करकंड राजा दक्षिणेच्या स्वारींत तेरापुराजवळ तळ देतो, आणि जवळच्या डोंगरांत एक लेणें असल्याचें ऐकून तें पाहावयास जातो. लेण्यास हजार खांब आहेत. डोंगरावर एक वारूळ आहे; एक हत्ती तळ्यांत उतरून सोंडेंत पाणी व कमळ घेतो आणि त्या वारुळाची पूजा करतो. राजा वारूळ खणवितो, तों आंत पार्श्वनाथाची मूर्ति निघते. पुढें सिंहासनावरची एक गांठ विद्रूप दिसते म्हणून तो ती फोडवितो, आणि त्या जागेंतून पाण्याचा असा लोंढा सुटतो कीं सारें लेणें भरून जातें.

डॉ. हिरालाल जैन यांनीं १९३४ मध्यें कारंजा येथील जैन ग्रंथमालेंत हें काव्य संपादून प्रसिद्ध केलें, आणि काव्यांतलें तेरापुर म्हणजे आपलें तेर व तें लेणें म्हणजे धाराशिवच्या डोंगरांतलें लेणें, असें दाखवून दिलें. तेर हें गांव तेरणा नदीच्या कांठीं, धाराशिवच्या ईशान्येस सुमारें वीस किलोमीटरांवर आहे. तेव्हांपासून या काव्याला दोन प्रकारचे वाचक मिळाले आहेत. एकाला त्यांत सरकारी गॅझेटिअर दिसतें; हत्तीसुद्धां तो खरा मानावयास तयार असतो. दुसरा सगळ्याच कथेला ‘कविकल्पना’ म्हणून हात झटकतो. आम्हांस वाटतें, दोघांचीहि चूक एकच आहे. वर्णनांतील प्रत्येक वाक्य वेगळें हातीं घेऊन ‘हें डोळ्यांनीं पाहिलेलें कीं कानांनीं ऐकलेलें, कीं निव्वळ काव्यरूढि ?’ असा प्रश्न त्यांपैकीं कोणीच विचारीत नाहीं.

तो प्रश्न प्रथम खांबांना विचारून पाहूं. बर्जेस यानें १८७८ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालांत धाराशिवच्या मुख्य लेण्याचें मोजमाप दिलें आहे. सभामंडप सुमारें ऐंशी फूट खोल व जवळजवळ तितकाच रुंद; खांब एका चौकांत एक असे दोन चौक करून उभे : आंतल्या चौकाला बारा व बाहेरच्या चौकाला वीस, एकूण बत्तीस. हजारांचे बत्तीस झाले म्हणून कवीला कोणी खोटा म्हणणार नाहीं. आपल्या घरीं आई मुलाला ‘हजार वेळां सांगितलें’ म्हणते, तेव्हां ती कांहीं मोजीत नसते. ही अतिशयोक्ति आहे; पण तिच्या बुडाशीं खांबांच्या रांगांमागें रांगा पाहून दिपलेली दृष्टि आहे. बत्तीस खांब एका ओळींत असते तर हजाराची आठवण झाली नसती. चौकांत चौक असल्यामुळें कोठेंहि उभें राहिलें तरी एका खांबाआड दुसरा येतो. अलंकारानें आंकडा बिघडविला खरा, परंतु रचना सुचविली.

हत्तीची गोष्ट निराळी. राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त कविसमयांची, म्हणजे कवींनीं परंपरेनें मान्य केलेल्या संकेतांची, चर्चा केली आहे. नदींत कमळें नसलीं तरी वर्णावींत, पाण्याचा सांठा दिसला कीं तेथें हंस असावेत, पर्वत म्हटला कीं त्यांत सोनें-रत्नें असावींत, हे ते संकेत. कमळ खुडणारा हत्ती याच घराण्यांतला. मूर्ति वारुळांतून निघण्याची कथा तर महाराष्ट्रांत कितीतरी देवस्थानांविषयीं सांगतात. तेव्हां कवि स्वतः डोंगर चढला होता कीं नव्हता, याचा पुरावा म्हणून हत्ती किंवा कमळ पुढें करणें बरोबर नाहीं. हीं वाक्यें अपभ्रंशांतल्या कोणत्याहि दुसऱ्या डोंगरावर तशींच बसलीं असतीं.

येथें साहित्यशास्त्रांतला एक जुना वाद आठवतो. वस्तु जशी आहे तशी सांगणें, म्हणजे स्वभावोक्ति, हा अलंकार मानावा कीं नाहीं ? भामहाला ही कल्पना फारशी पटलेली दिसत नाहीं. संध्याकाळच्या साध्या निवेदनाला तो काव्य न म्हणतां वार्ता म्हणतो. दंडीनें उलट स्वभावोक्तीला अलंकारांच्या यादींत पहिलें स्थान दिलें. कुंतकानें विचारलें कीं, वस्तूचा स्वभाव हेंच जर शरीर, तर तेंच शरीराचा दागिना कसें होईल ? काव्याच्या दृष्टीनें कुंतकाचा युक्तिवाद बिनतोड असेल. पण इतिहासाच्या अभ्यासकाला दंडीच जवळचा वाटावा. कारण सगळे दागिने उतरवून ठेवल्यावर जी वार्ता हातीं राहते, तिच्यावरच त्याचा प्रपंच चालतो.

काव्यांतले अलंकार ओळखणें त्यामानानें सोपें. रोजच्या बोलण्यांत मुरलेले ओळखणें अवघड. त्यासाठीं याच जिल्ह्यांतल्या नळदुर्गास जावें. तेथें बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ च्या सुमारास, बांध घातला गेला आणि बांधाच्या पोटांतच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यांत नदी भरली म्हणजे बांधावरून दोन धारा कोसळतात. लोकांनीं मोठ्या धारेस नर व धाकटीस मादी म्हटलें. ही उघड चेतनगुणोक्ति. पण आतां तें ठिकाणाचें नांव झालें आहे आणि ऐकणाऱ्याला त्यांत अलंकार जाणवत नाहीं. डोंगराची सोंड, नदीचें मुख, बांधाचें पोट (हें तर आम्हींच वर लिहून गेलों) हे सारे याच जातीचे शब्द. बालाघाट या नांवाची गंमत याच्या नेमकी उलट आहे. त्यांत कित्येकांना ‘बाल’ दिसतो, आणि सह्याद्रीचें धाकटें लेंकरूं अशी गोड कल्पना ते करतात. फारसी ‘बाला’ म्हणजे वरचा. बालाघाट म्हणजे घाटावरचा मुलूख, आणि खालचा तो पाइनघाट. वऱ्हाडांत ही जोडी पूर्वीपासून रूढ होती. जेथें अलंकार नव्हताच तेथें आपण तो चढविला.

नळदुर्गाचें एक वर्णन असें आहे कीं तें वाचतांना पारखीचा खरा कस लागतो. १८५३ च्या तहानें हा मुलूख निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यांत गेला, तेव्हां कर्नल मेडोज टेलर याची नेमणूक येथें झाली, आणि त्यानें नळदुर्ग हेंच आपलें मुख्य ठिकाण केलें. त्याचें आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर १८७७ मध्यें निघालें. हा मनुष्य कादंबरीकार. पण किल्ल्याचें वर्णन करतांना तो बहुतेक फुटांचीच भाषा बोलतो : किल्ल्याचा खडक काळ्या बसाल्टाचा, दरींत पुढें आलेला. कडे कोठें पन्नास तर कोठें दोनशें फुटांचे. आणि त्यांत जागोजाग खांबांसारखी रचना दिसते. आतां ‘खांबांसारखी’ ही उपमाच नव्हे काय ? होय, पण ती शोभेची नव्हे. लाव्हारस थिजतांना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि त्याचे बहुकोनी स्तंभ बनतात; भूशास्त्रानेंहि त्या रचनेला स्तंभाकृति असेंच नांव ठेविलें. म्हणजे शास्त्राची परिभाषासुद्धां एका उपमेवर उभी आहे. उपमा दिसली कीं तें वाक्य पुराव्यांतून वगळावें असा नियम जो करील, त्याला टेलरचें हें निरीक्षण गमवावें लागेल.

आणि अलंकार नसला म्हणजे वाक्य खरें, असेंहि नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकाचा लेखक अगदीं कोरडा व्यापारी. पैठणापासून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नांवाचें मोठें शहर आहे, तेथला माल रस्ता नसलेल्या मुलुखांतून गाड्यांवर भडोचला येतो, असें तो सांगतो. या ‘पूर्वेस’च्या भरंवशावर विद्वान् पुष्कळ भटकले. डॉ. भांडारकरांनीं धारूर सुचविलें. १९०१ मध्यें फ्लीटनें तगर म्हणजे तेर असें सिद्ध केलें. तेर पैठणच्या आग्नेयेस आहे. व्यापाऱ्यानें कोणताहि अलंकार योजला नव्हता. त्याची दिशाच ढोबळ होती.

असो. धाराशिवच्या लेण्यांविषयीं मुख्य वाद आहे तो धर्माचा. बर्जेसनें तीं जैन मानिलीं, म. के. ढवळीकर यांनीं तीं मूळचीं बौद्ध असून पुढें जैनांकडे आलीं असें मत मांडलें. काव्य जैन मुनीचें असल्यामुळें तें पहिल्या पक्षाचें साक्षीदार म्हणून उभें केलें जातें. पण काव्य सांगतें काय ? राजाला लेणें तयार सांपडलें आणि मूर्ति मातींत पुरलेली सांपडली. नवीं लेणीं त्यानें मागाहून करविलीं. हत्ती व वारूळ बाजूस सारल्यावर उरतें तें हें ‘सांपडलें’. ज्या समाजांत ही कथा वाढली, त्याला हें स्थान आपल्याहून जुनें आहे याची आठवण होती, असा आमचा तर्क आहे. तर्कच आहे, साक्षीदाराला याहून अधिक बोलावयास लावणें योग्य नाहीं.

राहिलें पाणी. दख्खनच्या खडकांत थरावर थर आहेत. पावसाचें पाणी भेगांतून झिरपतें आणि पाणी न सोडणारा थर लागला कीं आडवें वाहून कड्यांत बाहेर येतें. लेणें खोदणाऱ्यांना अशी झीर केव्हां ना केव्हां भेटतेच. वर कथा सांगतांना आम्हीं तिच्यांतला एक तपशील राखून ठेवला होता. गांठ फोडण्यापूर्वीं राजा एका वृद्ध शिल्प्याला तिच्याविषयीं विचारतो. तो सांगतो कीं, लेणें कोरतांना येथें पाण्याची शीर फुटली होती. ती बुजविण्यासाठीं ही गांठ बसविलेली आहे. हें उत्तर कोणत्याहि कविसमयांत बसत नाहीं. आम्हांला तें छिन्नी हातीं धरलेल्या माणसाच्या तोंडचें वाटतें. कनकामरानें तें कोठें तरी ऐकलें असावें, आणि ऐकलें तसें ठेविलें असावें.