कर्टिस (आल्बम)

अमेरिकी गायक, गीतकार व गिटारवादक कर्टिस मेफील्ड (१९४२–१९९९) याचा पहिला एकल आल्बम. सप्टेंबर १९७० मध्ये शिकागोच्या ‘कर्टम’ या त्याच्या स्वतःच्याच कंपनीने तो काढला. ‘द इम्प्रेशन्स’ या गायकसंचासाठी मेफील्डने रचलेली ‘कीप ऑन पुशिंग’ (१९६४), ‘पीपल गेट रेडी’ (१९६५) ही गाणी नागरी हक्कांच्या चळवळीने आपली मानली होती. त्यांत चर्चमधल्या गाण्याचा धीर देणारा सूर होता. इथे तो धीर सुटलेला दिसतो.

पहिले गाणे थेट नरकाचीच धमकी देते. बायबलमधल्या ‘प्रकटीकरणा’चा हवाला देणारी बाई, घरघरता बेस, आणि मग सगळ्या वर्णांच्या लोकांना एकाच दमात सुनावणारी मेफील्डची घुमती हाक. पाठोपाठ गरीब वस्तीचे ‘द अदर साइड ऑफ टाउन’. त्यालाच लागून हार्प-व्हायोलिनांत न्हालेले ‘द मेकिंग्ज ऑफ यू’ हे प्रेमगीत येते, आणि पुन्हा ‘वी द पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू’. हे गाणे संथ चालते, मध्येच तालवाद्यांचा भडका उडतो आणि ते परत संथ होते. आल्बमचा कळस हाच; ‘मूव्ह ऑन अप’ कितीही लोकप्रिय असले तरी.

समीक्षक सामाजिक गाण्यांवर भरभरून लिहितात, प्रेमगीतांची एका ओळीत बोळवण करतात. हे अन्यायाचे आहे. मेफील्ड संतापतो आणि आर्जव करतो ते त्याच हळुवार फॉल्सेटोत, आणि त्याच गिटारवर. ही गिटार तो पियानोच्या काळ्या पट्ट्यांशी जुळवत असे. शेवटचे ‘गिव्ह इट अप’ तर विटलेल्या संसाराविषयी आहे.

‘बिलबोर्ड’च्या सोल यादीत आल्बम पहिला आला, सर्वसाधारण यादीत १९वा. सुमारे नऊ मिनिटांचे ‘मूव्ह ऑन अप’ कापून काढलेली एकेरी तबकडी अमेरिकेत चालली नाही. ब्रिटनमध्ये मात्र १९७१ साली बाराव्या क्रमांकापर्यंत गेली. पुढे कान्ये वेस्टने ‘टच द स्काय’मध्ये तिचेच ब्रास वापरले. ‘द मेकिंग्ज ऑफ यू’ ग्लॅडिस नाइट अँड द पिप्स यांनी ‘क्लॉडीन’ (१९७४) या चित्रपटासाठी नव्याने गायले. हा चित्रपट सरकारी मदतीवर सहा मुले वाढवणाऱ्या कृष्णवर्णीय आईच्या प्रेमाची गोष्ट सांगतो.