सुट्या भागांची बखर

घरात संगणक यायचे ठरले, की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पहिला प्रश्न एकच होतो: "कंपनीचा घेता, की असेंबल?" प्रश्न साधाच, पण विचारणाऱ्याच्या आवाजात सोयरिकीच्या बैठकीतला सूर असतो. कंपनीचा म्हणजे नामांकित घराण्यातला, पत्रिका हाती घेऊन आलेला. असेंबल म्हणजे "स्वभावाने बरा आहे म्हणतात, पण घराणे काही ठाऊक नाही" अशातले स्थळ. बाजारातून सुटे भाग आणून दुकानदाराने किंवा घरच्याच पोराने पेचकसाने जोडलेले हे यंत्र म्हणजे केवळ पैशांच्या अडचणीपोटी पत्करायची वस्तू, अशी समजूत लोकांत पक्की बसली आहे. त्या बिचाऱ्याचे कूळ कोणी विचारीत नाही. ते विचारावे म्हणून हा प्रपंच. हे कूळ चांगले जुने आहे. आणि आपल्या देशातला त्याचा एक मूळपुरुष तर मुंबईच्या थोर विज्ञानमंदिरात जन्मलेला आहे.

गोष्ट १९५४ सालची. डॉ. होमी भाभांची टाटा मूलभूत संशोधन संस्था अजून कुलाब्याच्या नव्या वास्तूत जायची होती. अमेरिकेत गणित शिकून आलेले आर. नरसिंहन आणि त्यांच्याबरोबरची मोजकी तरुण मंडळी यांनी संगणक बांधायला घेतला. यातल्या बहुतेकांनी असले यंत्र पूर्वी वापरलेले नव्हते. प्रिन्स्टन येथे फॉन नॉयमन यांनी उभारलेल्या यंत्राची मांडणी त्यांनी पुढे ठेवली आणि आधी एक लहान नमुना करून पाहिला. तो १९५६ साली चालू झाला. थोरले यंत्र कामाला लागायला १९६० उजाडले. आणि त्याचे बारसे झाले जानेवारी १९६२ मध्ये, पंडित नेहरूंच्या हस्ते. नाव ठेवले 'टिफ्रॅक'.

या यंत्राच्या पोटात काय होते, ते पाहण्यासारखे आहे. जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० डायोड, १२,५०० रोधक. यांतली एकेक चीज सुटी आणायची, तपासायची, डाखायची. स्मृतीसाठी फेराइटची बारीक कडी असत. मोहरीपेक्षा फार मोठी नव्हेत. त्यांतून तारा ओवायच्या, जशी एखादी आजी पोत ओवते. एका कड्यात एकच खूण मावते: होय किंवा नाही. टिफ्रॅकची स्मृती २,०४८ शब्दांची आणि प्रत्येक शब्द ४० खुणांचा. गुणाकार केला तर कडी भरतात ८१,९२०. आजच्या भाषेत ही स्मृती झाली १० किलोबाइट. यवतमाळच्या दुकानात काउंटरवर ठेवलेली ८ गीगाबाइटची बोटभर पट्टी तिच्या सुमारे ८ लाख ३८ हजार पट आहे. हा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडला, तेव्हा पोरे हसली. मग कडी ओवणाऱ्यांचा विचार करून गप्प झाली.

आणि कॅबिनेट! टिफ्रॅकचे कॅबिनेट १८ फूट लांब, अडीच फूट रुंद, ८ फूट उंच, पोलादी. त्याला दोन्ही अंगांनी दारे होती. कारण नळी आज ना उद्या जाणारच, आणि गेली की हात आत पोचला पाहिजे. यंत्र ज्याने जोडले त्याला ते उघडता आले पाहिजे, हा या कुळाचा पहिला कुळाचार.

आता एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. टिफ्रॅक पुरा होईतो जगात नळ्यांचे दिवस सरत आले होते, ट्रान्झिस्टरची यंत्रे निघाली होती. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठे अमेरिकन यंत्र विकत आणून बसवले, आणि थोड्याच काळात टिफ्रॅक निवृत्त झाला. मग एवढा खटाटोप वाया गेला का? मला तसे वाटत नाही. यंत्र जुने झाले. ते बांधताना तयार झालेली माणसे जुनी झाली नाहीत. आणि खरे सांगायचे तर, सुटे भाग आणून जोडलेला संगणक ज्या संध्याकाळी पुरा होतो त्याच संध्याकाळी थोडा जुना झालेला असतो, हा अनुभव आजच्या कोणत्याही पोराला विचारा.

पुढची हकीकत अमेरिकेतली. संगणकाच्या धंद्यातली सर्वांत बडी पेढी म्हणजे आयबीएम. तिला घरगुती संगणक काढायची घाई झाली. तेव्हा सारे भाग घरी घडवायची आपली रीत सोडून तिने ते बाजारातूनच घेतले. मेंदू इंटेलचा, कारभाराची प्रणाली मायक्रोसॉफ्टची. ऑगस्ट १९८१ मध्ये ते यंत्र विक्रीला आले. म्हणजे ज्याला आपण 'कंपनीचा' म्हणून मान देतो, तो पर्सनल कॉम्प्युटरही मुळात जुळवलेलाच! आयबीएमची खास अशी एक गोष्ट त्यात होती: यंत्र सुरू होताच जागा होणारा 'बायोस' नावाचा छोटासा लेख. त्याची नक्कल करणे कायद्याने गुन्हा. कॉम्पॅक या नव्या कंपनीने त्यावर मोठी शक्कल लढवली. एका मंडळाने तो वाचून तो काय काय करतो एवढेच लिहून काढले. तो कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या मंडळाने, त्या वर्णनावरून, तेच काम करणारा लेख आपल्या शब्दांत नव्याने लिहिला. चोरी झाली नाही आणि कुलूपही उघडले. मग तैवानातून सुट्या भागांचा पूर लोटला. १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' हे माप ठरवून दिले: मदरबोर्डाला भोके कुठे, स्क्रू कुठे, वीज कुठून. या गावचा बोर्ड त्या गावच्या कॅबिनेटात बिनतक्रार बसतो, तो या भोकांमुळे. इतिहासात लढायांना फार जागा मिळते, भोकांना मिळत नाही.

आपल्याकडे हा पूर लगेच पोचला नाही. परकीय भांडवलाच्या नियमांवरून आयबीएम १९७८ साली देश सोडून गेली होती आणि आयातीवर जबर कर होता. नोव्हेंबर १९८४ च्या धोरणाने बंधने सैल झाली. १९९७ साली भारत माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत पुष्कळ भागांवरचा सीमाशुल्क शून्यावर आला. रेडिओच्या सुट्या भागांसाठी नाव असलेल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आता मदरबोर्ड मिळू लागले.

याच काळात सुट्या भागांनी आपल्या देशाची लाज राखली, आणि तो पराक्रम करणारा माणूस आमच्या शेजारचा. यवतमाळहून निघणारी शकुंतला ही चिमुकली आगगाडी जिथे जाऊन थांबत असे, त्या मूर्तिजापूरच्या तालुक्यात मुरंबा नावाचे गाव आहे. विजय भटकरांचा जन्म १९४६ साली तिथला. अभियांत्रिकीचे शिक्षण नागपुरातले. ऐंशीच्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. हवामानाच्या अंदाजासाठी क्रे कंपनीचे एक यंत्र दिल्लीला मिळाले. पण त्याहून समर्थ यंत्र द्यायला अमेरिका तयार होईना, कारण त्यावर अण्वस्त्रांचीही गणिते सोडवता येतात. तेव्हा १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था निघाली आणि तिची सूत्रे भटकरांकडे आली. मुदत ३ वर्षे, पैसा सुमारे ३० कोटी. अखंड महासंगणक मिळत नव्हता. परंतु ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीची 'ट्रान्सप्युटर' नावाची चिप मिळत होती, आणि चार दिशांना चार शेजाऱ्यांशी बोलायची सोय तिच्या अंगातच होती. एका बलाढ्य बैलाऐवजी पुष्कळ साधे बैल एका जुवाला जुंपायचे, अशी ही युक्ती. खरी कसोटी त्यांना एका तालात चालवण्याची होती, आणि ते डोके इथले होते. १९९१ साली 'परम ८०००' उभा राहिला. अख्खे यंत्र अडवता येते, भाग अडवणे कठीण जाते. हे त्या वेळी जगाला दिसले.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. पुसदला बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ साली निघाले, यवतमाळला १९९६ साली दर्डा यांच्या नावाचे. मुलांना घरी यंत्र हवे झाले, आणि घर चालते कापसावर. पहिल्या वेच्याचा पैसा दिवाळीच्या मागेपुढे हाती येतो. त्यात कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे देणे, आणि उरलेच तर लेकीचा संगणक. नागपूरच्या सीताबर्डीवर असोत की आमच्या गावात, असे गिऱ्हाईक दुकानात आले की संवाद ठरलेला असतो. "काका, हा कॅबिनेट बघा, आत रंगीत दिवे आहेत." काका म्हणतात, "बापू, पोरीले शिकाले पायजे, शोकेसात ठेवाले नाही. दिवे काढ अन् किती कमी होते थे सांग." अर्थशास्त्राचे याहून चांगले व्याख्यान मी ऐकलेले नाही.

दिवे काढावेत, पण वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, स्वस्तातली घेऊ नये, हे आमच्याकडचे जाणते कारागीर आवर्जून सांगतात. विजेचा दाब इथे कधी चढतो, कधी मान टाकतो. हलकी पेटी जळते, आणि जळताना शेजारच्या बोर्डालाही सोबत नेते. घराला अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावताच बोटांना झिणझिण्या येतात. त्याला संगणकाचा दोष समजून पोरे चप्पल घालून बसतात. खरा उपाय भिंतीत आणि जमिनीत आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड शिकण्यापुरते लागत नाही, मेंदूतच ती सोय असलेला प्रोसेसर घ्यावा. कचेऱ्यांतून निघालेले जुने यंत्र घेऊन त्यात फिरती तबकडी काढून एसएसडी बसवली, तर म्हातारा धावू लागतो. थोड्या पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडत नाही.

आणि मग उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की पुस्तकी शहाणपण कोलमडते. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेहून थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत जो प्रोसेसर ७० वर राहील, तो त्याच कामात आमच्याकडे ९० गाठतो. शंभरीच्या घरात गेला की जीव वाचवायला आपली चाल आपणच मंद करतो. म्हणून इथली पोरे कॅबिनेट फोडतात. पुढच्या पत्र्याला भोक पाडून मोठा पंखा बसवतात. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवतात, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. जिनिंगच्या दिवसांत उडणारे रुईचे तंतू अडवायला पंख्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणतात. वाळलेली पेस्ट पुसून नवी लावतात. कूलरचा झोत मात्र थेट यंत्रावर येऊ देत नाहीत, कारण त्या तुषारांबरोबर विहिरीच्या पाण्यातले क्षारही येतात. ही विद्या इथल्या उन्हाने शिकवलेली आहे.

अलीकडे मात्र एक नवीच अडचण आली आहे. पातळ, देखणे लॅपटॉप आले. त्यांतल्या पुष्कळांत स्मृती बोर्डालाच डाखलेली असते, काढता येत नाही आणि वाढवताही येत नाही. टिफ्रॅकला दोन्ही अंगांनी दारे होती. याला एकही नाही. बिघडला की शहरात पाठवा, नाहीतर नवा घ्या. ज्या घरात खत घ्यावे की दुरुस्ती करावी असा विचार पडतो, तिथे या वाक्याचा अर्थ वेगळा लागतो.

म्हणून असेंबलवाली दुकाने अजून चालतात. खंडेनवमीच्या दिवशी आमच्याकडे विळे-कोयत्यांबरोबर संगणकाचीही पूजा होते, झेंडूचे फूल वाहतात. दुकानदार आदल्या दिवशी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो, "वहिनी, हळदकुंकू पत्र्यावर लावा, पंख्यासमोर उधळू नका." तरीही दिवाळीपूर्वी साफसफाईला येणाऱ्या कॅबिनेटांतून ब्रशाबरोबर थोडे कुंकू निघतेच.