अजिंठ्याचा निळा आणि घरातली नीळ

लहानपणी वरवंडला कुठे विहिरीचे काम निघाले की आम्ही मुले बाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगाभोवती जमत असू. काळ्या खडकाच्या पोकळ्यांत क्वचित शेवाळी रंगाची मऊ माती लागे. पाण्यात कालवून कागदावर फासली की हिरवा रंग तयार! आमच्या रंगपेटीतल्या वड्या कितीही घासल्या तरी खडूचे पाणीच सुटे. त्यापुढे ही माती श्रीमंत वाटे.

पुढे कळले, की या मातीतले खनिज सेलाडोनाइट, आणि अजिंठ्याच्या चित्रकारांचा हिरवाही अशाच मातीचा. तांबडा-पिवळा लोहयुक्त गेरूचा, काळा काजळीचा, पांढरा चुन्याचा. सारे आसपास मिळणारे. अडचण निळ्याची. आपल्या वाघोलीच्या खाणींत कॅव्हॅन्साइटचे सुंदर निळे स्फटिक मिळतात, पण त्याने भिंत रंगवायची म्हणजे अत्तराने अंगण सारवणे!

नवव्या-दहाव्या लेण्यांतल्या सर्वांत जुन्या चित्रांत निळा आढळत नाही. पाचव्या शतकातल्या चित्रांत तो येतो. तो लाजवर्दाचा, अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतला. सरळ रेषेत मोजले तरी सुमारे १८०० किलोमीटरांवरचा. खर्च पेलणारे आश्रयदातेही तसेच होते. सोळावे लेणे वाकाटक राजा हरिषेणाच्या वराहदेव या मंत्र्याने खोदवले. पण हा दगड नुसता कुटून भागत नाही. त्यातले पांढरे कॅल्साइट वेगळे केले नाही तर रंग राखाडी होतो, आणि फार बारीक वाटला तर फिका पडतो. किती वाटायचे हे हाताला कळावे लागते. गेरू-काजळीवर वाढलेल्या चित्रकाराने पहिल्यांदा हा निळा भिंतीवर लावला, तेव्हा त्याला काय वाटले असेल? मला तरी शाळेतल्या त्या हिरव्या मातीची आठवण होते.

युरोपातही लाजवर्दाचा रंग फार महाग असे. १८२४ साली फ्रान्समध्ये कृत्रिम पर्यायासाठी ६००० फ्रँकचे बक्षीस जाहीर झाले आणि १८२८ साली ते गिमे यांना मिळाले. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत तापवून तोच रंग तयार होऊ लागला. कपड्यांना घालायची भुकटीची नीळ ती हीच. नावाने नीळ, पण झाडाची नव्हे.

वर्गात पाहायचे असेल तर परीक्षानळीत चिमूटभर भुकटी घेऊन विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाका. निळा रंग मावळतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो. रंग ज्या गंधकाचा होता, तोच हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून चालला आहे. हा वायू विषारी, म्हणून भुकटी चिमूटभरच घ्या आणि खिडक्या आधीच उघडून ठेवा.